मी कोणता उजेड अडवतो

मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे, वेल्डिंगचा. मित्रांनो, माझी कीव करायला जमला असाल तर ती गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दाबून कडक केलेल्या पुठ्ठ्याचे माझे अंग घडवले आणि डोळ्यांच्या जागी काळी काच बसवली. ज्या बाईंच्या तोंडावर मी चढलो, त्यांना सारा कारखाना आत्या म्हणे, कारण त्यांचा सख्खा भाचा तिथेच कामाला होता. विजेच्या ठिणगीने त्या लोखंड वितळवून जोडत आणि तिचा प्रखर उजेड मी अडवत असे. "हा आहे म्हणून माझे डोळे आहेत," असे त्या सांगत. ही स्तुती मी नम्रपणे नाकारली नाही. ती खरी होती.

मग लेसर आला. त्याचा किरण बारीक, काम झटपट, पातळ पत्रा तापून वाकडा होत नाही. हे मी मान्य करतो. मात्र त्याला जोडाच्या कडा घट्ट भिडलेल्या लागतात. जाड तुळईत फट निघाली की त्याची पंचाईत होते. आमची ठिणगी सळई वितळवून ती फट भरते. तरीही लोक मला भंगार म्हणू लागले.

आत्यांना लेसरच्या खोलीत काम शिकायला पाठवले, तेव्हा त्या मला काखेत मारूनच निघाल्या. भाच्याने दिलेला हिरवट चष्मा त्यांनी उजेडाकडे धरला.

"यातून तर पलीकडचं घड्याळ दिसतंय. हा काय डोळे राखणार?"

"आत्या, तो किरण दिसतच नाही. डोळा जळला तरी दुखत नाही. मुखवटा बाहेर ठेव."

त्या ठेवीनात. काळी काच अधिक काळी, म्हणून अधिक भरवशाची, असा त्यांचा हिशेब होता. भाच्याने हुज्जत सोडली. त्याने मला आत एका चकचकीत पत्र्यासमोर टांगले, काचेमागे किरण मोजणारे यंत्र ठेवले आणि दार लावून बाहेरून किरण सोडला. पत्र्यावरून उसळलेला किरण माझ्यावर आला. बाहेरच्या पडद्यावर आकडा उमटला. लहान होता, पण शून्य नव्हता. माझ्या जागी चष्मा टांगला, तेव्हा शून्य आले.

"पुन्हा कर," आत्या म्हणाल्या. "आधी चष्मा, मग हा."

क्रम उलटला, निकाल उलटला नाही. एवढ्याशाने काय होते, असे त्यांनी विचारले. डोळ्यातले भिंग तेवढेही गोळा करून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एका ठिपक्यावर आणते आणि जळलेला तो ठिपका पुन्हा कधी पाहू शकत नाही, असे भाच्याने सांगितले. मग आत्यांनी चष्मा चढवला.

"माकड दिसते ना?"

"मुखवट्यात रुबाब जास्त होता," भाचा म्हणाला.

पुढे कारखान्याच्या साहेबांनी मला कार्यालयात शोभेला लावायचे ठरवले. आत्यांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले. "अंगणात तुळई पडलीय, तिची फट बघून या. ती काय तुमचा लेसर बुजवणार?" साहेब बघायला गेले नाहीत, पण मला मागितलेही नाही.

मित्रांनो, जी परीक्षा माझी नव्हती तिच्यात मी नापास झालो, आणि त्याची मला लाज नाही. माझी काच पुसा, तडकली तर बदला. पण मी जुना आणि लाडका आहे, एवढ्या भांडवलावर माझ्यामागे डोळे ठेवू नका. मी काय अडवतो आणि काय नाही, ते तपासा. आणि मला टांगायचेच असेल, तर हाताला येईल अशा खुंटीवर टांगा. मला कामावर जायचे आहे.