ओठांवरचे बारा शब्द

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आजीला सगळ्या जणी डिरेक्टरी म्हणायच्या. अर्थात तेव्हा ती आजी नव्हती. दोन वेण्या पाठीवर सोडून, कानांवर हेडफोन चढवून, उंच स्टुलावर ताठ बसणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती. समोर भोकाभोकांचा भलामोठा बोर्ड, दोन्ही हातांत कॉर्ड, आणि बोलण्यासाठी छातीवर अडकवलेलं एक काळं शिंग. त्या शिंगातून नुसता श्वास टाकला तरी तो पलीकडच्याला ऐकू जायचा, त्यामुळे आकडा लक्षात ठेवायला पुटपुटायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी थोरल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, "आकडा ओठांनी धर गं पोरी. आवाज नको, नुसते ओठ हलव. जोडणी झाली की सोडून दे."

एकतीस वर्षं तिने आकडे ओठांनी धरले. सोडून देणं मात्र तिला कधी जमलं नाही. पुढे बोर्ड भंगारात गेला, इमारतीत दुसरंच काही आलं, बरोबरच्या मैत्रिणी एकेक करत गेल्या. तरी आगीच्या बंबाचा जुना चार आकडी नंबर, स्टेशनमास्तरांच्या घरचा नंबर, एका कापडवाल्याच्या बायकोच्या माहेरचा नंबर, सगळे तिच्या डोक्यात जागच्या जागी होते. सून हसून म्हणायची, "आई, तुमच्या डोक्यात एक खोली भाड्याने द्यायला हवी. केवढी अडगळ!"

सून औषधांच्या कारखान्यात होती. भरलेल्या बाटल्या दिव्यासमोर उलट्या धरून आत कचरा, केस, काचेचा कण दिसतो का ते पाहायचं, हे तिचं दिवसभराचं काम. मुलगा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा. हात असा हलका, की मालक सगळी नाजूक कामं त्याच्याकडेच द्यायचा. आणि त्या दोघांची चार वर्षांची मुलगी, मुंगी. मुंगीला ऐकू येत नव्हतं. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, आजीची हाक, तिच्यापर्यंत काही म्हणजे काही पोचत नव्हतं.

एकतीस वर्षं जिवाचे कान करून बसलेल्या बाईच्या मांडीवर हे पोर यावं! आजीने त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता, पण एकटी असली की तिला ते आठवायचंच.

डॉक्टर मात्र म्हणाले होते, ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवता येईल, पण लवकर करा, वय वाढलं की उपयोग कमी होत जातो. घरातल्यांनी पै-पै साठवायला घेतली. सुनेने जादा पाळ्या केल्या, आजीने तिच्या पेन्शनची ठेव मोडली. तोवर पोरीला बोलण्याचा काही अंदाज यावा म्हणून दर शनिवारी मुलगा तिला ओठ वाचायच्या वर्गाला न्यायचा. तिथल्या बाई काचेपलीकडे बसून बोलायच्या, आवाज येत नसे, आणि मुलांबरोबर आईबापांनीही ओळखायचं असायचं. मुंगी कंटाळून बुटांशी खेळायची. मुलगा मात्र त्यात इतका तरबेज झाला की समोरच्या फुटपाथवरची भांडणं तो दुकानातल्या काचेतून वाचायचा आणि घरी येऊन दोन्ही आवाज काढून ऐकवायचा. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायची.

त्याच फोनमध्ये, ज्यावर तो मुंगीला चित्रं दाखवायचा, तो खेळ होता. फिरतं चाक, पत्ते, फासे. त्या जुगारखान्याला दार नव्हतं, पत्ता नव्हता. खेळणाऱ्याचंही नाव कोणी विचारत नव्हतं. रुपये देऊन फोनमधली न दिसणारी डिजिटल नाणी घ्यायची, ती तिथे पाठवायची, की झालं.

आजीला हे कळलं ते एका दुपारी. सून कामावर होती. मुलगा अवेळी घरी आला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला.

"आई, अर्धे गेले," तो म्हणाला.

"काय अर्धे?"

"मुंगीचे."

आजीच्या हातातली वाटी ओट्यावर ठेवताना वाजली. त्याने सगळं सांगितलं. सुरुवातीला जिंकला, त्यातून बायकोला न सांगता साठवणीतले पैसेही नाण्यांत घातले. मग हरत गेला, मग हरलेलं परत मिळवायला आणखी हरला. "आता उरलेत ते, नाण्यांचा भाव चढला की, ऑपरेशनला जेमतेम पुरतील. ते मी वेगळ्या पाकिटात ठेवलेत. फोनमधलंच पाकीट, पण बारा शब्दांशिवाय ते उघडत नाही. शब्द तू पाठ कर. मी पाहत नाही. नंतर ते पाकीट मी फोनमधून काढून टाकतो, शब्द घातले की ते परत येतं."

"त्यापेक्षा बँकेत टाक ना, मुंगीच्या नावावर."

"टाकणारच आहे गं. पण आत्ता भाव पडलाय. आत्ता काढले तर कमी पडतील. ऑपरेशनच्या आठवड्यात काढू."

इथेच तिने त्याचा कान पकडायला हवा होता. पुढे तिने हे स्वतःला शंभरदा सांगितलं. पण तो लगेच म्हणाला, "कागदावर लिहून ठेवलेस तर मी शोधीन. कपाट फोडीन. तुझ्या डोक्यात शिरायला मला वाट नाही, आई. कानाला खडा लावला मी. तू आहेस म्हणून वाचलो."

तू आहेस म्हणून. किती वर्षांत असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. जिच्याकडे सगळं शहर नंबर मागत होतं तिला हल्ली फक्त चष्मा कुठे ठेवलाय एवढंच विचारलं जायचं. तिने फोन हातात घेतला, तो भिंतीकडे तोंड करून बसला, आणि बारा इंग्रजी शब्द तिने दोनदा वाचले. अंकल, ब्रिज, पोटॅटो, लॅडर... तिने त्यांना एका ओळीत उभं केलं: एक काका पूल ओलांडतोय, खांद्यावर बटाट्यांचं पोतं, हातात शिडी. सोपं होतं.

"सुनेला सांगायचं नाही," मुलगा म्हणाला.

"आधी पैसे बँकेत जाऊ देत, मग तूच सांग," असं म्हणून तिने मान डोलावली. तीच तिची दुसरी चूक.

त्यानंतर रोज सकाळी सून पहिल्या पाळीला गेली की आजी खिडकीशी मटार सोलायला बसायची. मांडीला टेकून मुंगी. समोर मुलगा, चहाचा कप घेऊन. पूर्वी तो उभ्या उभ्या चहा ढोसून पळायचा, आता बसायला लागला होता. आजीला बरं वाटायचं. सुधारला पोरगा. तो चहाचे घोट घेई, आजीकडे पाहून हसे, आणि तिचे हात शेंगा मोकळ्या करत असताना ओठ आपल्याच नादात चाललेले असत. अंकल, ब्रिज, पोटॅटो, लॅडर. आवाज नाही. एकतीस वर्षांत तिचं पुटपुटणं एकदाही शिंगात गेलं नव्हतं, ते इथे कोणाला कसं ऐकू जाईल?

ऑपरेशनला आठ दिवस उरले असताना तो संध्याकाळी घरात शिरला तो चेहरा उजळवूनच. सून मुंगीला आंघोळ घालत होती. त्याने आजीला खिडकीशी ओढलं.

"आई, जिंकलो. तिप्पट!"

"कशावर जिंकलास? शब्द तर माझ्याकडे आहेत."

तो नुसता तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. शनिवारी काचेपलीकडच्या बाईंकडे पाहायचा तसा.

आजीचा हात आपोआप ओठांवर गेला.

"आठ सकाळी लागल्या," तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात एखादं अवघड भिंग साधल्याची ऐटही होती. "प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात ना. त्यात वेळ गेला. पण आई, तिप्पट झालेत! ऑपरेशन होऊन उरतील. नवीन यंत्र घेऊ, परदेशी."

"काढ मग. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढतोय. तपासणी चालू आहे म्हणतात."

तपासणी दुसऱ्या दिवशीही चालूच होती. तिसऱ्या दिवशी, ज्यांनी कधी नाव विचारलं नव्हतं त्यांनी ओळखपत्राचा फोटो मागितला. त्याने पाठवला. फोटो पुसट आहे म्हणाले. पुन्हा पाठवला. मग उत्तर आलं की नियमभंगामुळे खातं बंद केलं आहे. कोणता नियम, ते नाही. पडद्यावरचा तिप्पट आकडा तेवढा दिसायचाही बंद झाला.

मदतीच्या चौकटीत कानांवर हेडफोन घातलेल्या एका हसऱ्या मुलीचं चित्र होतं. ते पाहून आजी सावरून बसली.

"ही ऑपरेटर आहे ना? मी सांगते तसं लिही हिला. लिही, ताई, हे एका बहिऱ्या मुलीच्या कानाचे पैसे आहेत. तुमच्या साहेबांशी जोडून द्या. मी थांबते लाइनवर."

मुलाने लिहिलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं: आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.

"पुन्हा लिही. म्हणावं, मीही ऑपरेटर होते."

आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.

आजीने तिसऱ्यांदा लिहायला सांगितलं नाही. इतक्या झटपट कोणी उत्तर देत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? वाचायला वेळ लागतो, कॉर्ड उचलायला लागतो. तिच्या काळी पार टोकाच्या खेड्यातल्या पोस्टातही घंटा वाजवत राहिलं की शेवटी कोणीतरी धापा टाकत फोन उचलायचंच. इथे स्टूलच रिकामं होतं.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने आजीला आणि मुलाला बसायला दिलं, पाणी दिलं. माणूस चांगला होता.

"कंपनी कुठली?"

"माहीत नाही."

"बरं, देश?"

मुलाने मान हलवली.

"तिथे खातं तुमच्याच नावावर होतं ना?"

"नावच नव्हतं. नाव लागत नाही, म्हणूनच तर तिथे..."

हवालदाराने पेनचं टोपण लावलं. "दादा, तक्रार मी लिहून घेतो. पण कोणाविरुद्ध लिहू, तेवढं सांगा."

सुनेला त्याच संध्याकाळी सांगितलं. मुलगा रडला, पायाशी बसला, मुंगीची शपथ घेतली. तिने ती मध्येच तोडली. "तिची नको." मग ती आजीकडे वळली. दिव्यासमोर बाटली धरावी तसं तिने आजीला नीट पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"हो."

"तीन आठवडे?"

आजीने मान खाली घातली. सून ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट वाढलं, मुंगीला भरवलं, आणि म्हणाली, "दवाखान्यात तुम्हीच कळवा. माझ्याच्याने बोलवणार नाही."

सकाळी आजीने नंबर लावला. तो अर्थातच पाठ होता. पलीकडची मुलगी खरी होती, तिच्यामागे कोणीतरी खोकत होतं, कागद सरकत होते. आजीला तेवढ्यानेही भरून आलं.

"मंगळवारचं ऑपरेशन रद्द करू की पुढे ढकलू?" त्या मुलीने विचारलं.

"पुढे ढकला."

"बरं. कोणती तारीख घालू?"

आजी बोलायला गेली. तिच्या डोक्यात एवढे आकडे होते, पण द्यायला एकही तारीख नव्हती. मुंगी शेंगांची टोपली ओलांडून मांडीवर चढली आणि रोजच्यासारखी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. आजीच्या ध्यानीमनी नसताना ओठ हलू लागले. अंकल, ब्रिज, पोटॅटो, लॅडर. मुंगीचेही इवलेसे ओठ तिच्यामागोमाग हलत होते, बिनआवाजाचे, एकही शब्द न चुकता.

आजीने हाताने तोंड झाकलं. मुंगीला वाटलं, खेळ आहे. हसत हसत तिने दोन्ही हातांनी तो हात बाजूला ओढला.

"हॅलो," फोनमधून आवाज आला. "आजी, लाइनवर आहात ना?"