बिनकोळशाची कॉफी

कॉफी भाजावी ती अस्कालेने, हे काझांचिसच्या जुन्या वस्तीत कुणी बोलूनसुद्धा दाखवत नसे. सूर्य पूर्वेला उगवतो हे काय कुणी बोलून दाखवतं? मरियमच्या भक्तांचं मंडळ दर महिन्याच्या एकविसाव्याला जमायचं. पाव ज्याची पाळी असेल त्याच्या घरचा, पण कॉफी मात्र कायम अस्कालेच्या अंगणातली. तीस वर्षांत एक महिना चुकला होता, तोही तिच्या लेकीच्या, मेहरेतच्या जन्माच्या वेळी. आणि त्या महिन्याची कॉफी किती पाणचट झाली होती, हे लोक अजून सांगत. सांगताना अस्काले तिथे असेल तर जरा मोठ्याने सांगत.

मग वस्ती पाडली. सगळ्यांना शहराबाहेरच्या उंच इमारतींत घरं मिळाली. अस्काले आणि मेहरेतला चौथा मजला मिळाला. नळाला पाणी, दाराला कडी, गच्चीएवढी नाही तरी माणूस उभं राहील एवढी बाल्कनी. तक्रारीला जागा नव्हती. पण सहा महिने झाले नाहीत तोच इमारतीच्या समितीने जिन्यात कागद डकवला: वरच्या मजल्यांवर कोळशाची शेगडी बंद. धुपापुरता एखादा निखारा चालेल, त्याच्यावर नाही.

"धुराने तिसऱ्या मजल्यावरचं बाळ खोकतं म्हणे," मेहरेत म्हणाली.

"बाळ खोकत असेल तर बंदच केली पाहिजे," अस्काले म्हणाली. तिला बाळाचा राग नव्हता. राग होता तो तळमजल्यावरच्या झेवदितूचा. झेवदितूच्या घरामागे हातभर मोकळी जागा होती, तिथे कोळसा चालत होता, आणि कागद डकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "आता मंडळाची कॉफी माझ्याकडेच होऊ दे बाई. अस्कालेला तरी किती त्रास द्यायचा!"

त्रास! अस्कालेच्या अंगाचा तिळपापड झाला. झेवदितू भाजायची ते दाणे एका बाजूने कच्चे, दुसऱ्या बाजूने कोळसा. आणि वर विचारायची, छान झालीय ना?

प्रश्न मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या, सगळे मानाने 'गाशे' म्हणत त्या बेझाबेंच्या शब्दावर येऊन थांबला. गाशेंची दृष्टी दहा वर्षांपूर्वीच गेलेली, पण जीभ आणि कान शाबूत. अस्काले त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "मी गॅसवर भाजते."

"गॅसवर?" गाशेंनी नाक मुरडलं. "पोरी, गॅसवर चहा होतो. कॉफी नाही."

"विजेच्या शेगडीचा काय भरवसा, गाशे? अर्धी भाजली की वीज जाते. गॅस तरी आपल्या हातात असतो."

गाशेंनी काठीच्या मुठीवर अंगठा घासला. "या एकविसाव्याला तुझ्याकडे येतो. एक कप घेईन, मानापुरता. पहिल्या कपावर उठलो तर समज, पुढच्या महिन्यापासून झेवदितूकडे."

आता पहिल्या कपावर उठणं म्हणजे काय, हे अस्कालेला कुणी सांगायला नको होतं. कॉफीचे कप तीन. तिसरा आशीर्वादाचा. तो न घेता पाहुणा उठला तर यजमानिणीने तोंड लपवायचं.

दुसऱ्या दिवशी अस्काले पिशवीत स्वतःचा खोलगट लोखंडी तवा, ढवळायची वाकडी सळई आणि चार मुठी हिरवे दाणे घेऊन मेर्कातोच्या बाजारात नस्रूच्या शेगड्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"मावशी, तवा विकायचाय का?" नस्रूने विचारलं.

"शेगडी घ्यायचीय. भाजून बघितल्याशिवाय घेणार नाही."

"भाजून? इथे? दुकानात?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझा सिलिंडर भरलेला आहे ना? मग लाव."

नस्रूने आधी काचेची, दोन तोंडांची चकचकीत शेगडी काढली. अस्कालेने तिच्यावर तवा ठेवला, तर तव्याचं गोल बूड काचेवर डुलायला लागलं. "ही पाहुण्यांना दाखवायला ठीक," म्हणून तिने ती बाजूला सारली. मग निघाली लग्नाच्या पंगतीची मोठी शेगडी. लावल्याबरोबर तिने असा घोंगाट केला की शेजारचा चपलांचा दुकानदार धावत आला. हिच्या जाळाला मध्ये भोक. कडेचे दाणे काळे पडले, मधले हिरवेच. तिसरी इवलीशी, थेट सिलिंडरच्या डोक्यावर बसणारी. हिचं उलटं: मधे एक काळा ठिपका आणि भोवती कच्चं रान.

एव्हाना दुकानासमोर दहा-बारा माणसं जमली होती. कुणी म्हणालं, "मावशी, कॉफी तयार झाली की आम्हालाही हाक मारा!"

"तुला कोंडा देईन," अस्काले तवा पुसत म्हणाली. "नस्रू, त्या फळीखाली काय आहे?"

फळीखाली होती एक बुटकी, तीन पायांची, जुन्या घडणीची शेगडी. तोंडावर जाड लोखंडी चकती, चकतीला बारीक भोकं पुष्कळ. कुणी घेत नव्हतं म्हणून नस्रू तिच्यावर पाय ठेवून फळीवरचे खोके काढायचा. पेटवली तर निळा जाळ चकतीभर पसरला, बोटभर उंच, आवाज न करता. अस्कालेने तळहात वर धरला, मधे, कडेला, पुन्हा मधे.

"हीच," ती म्हणाली.

"मावशी, हिला कुणी विचारत नाही."

"मला तरी हल्ली कोण विचारतंय? दे बांधून."

पण घरी आल्यावर पहिलाच घाणा बिघडला. बाकीच्या शेगड्यांपेक्षा बरा, पण अस्कालेच्या हातचा नव्हे. दाण्यांची पाठ भाजली, पोट राहिलं. दुसरा घाणा मंद आचेवर धरला तर दाणे वाळून फिके पडले, वासच येईना. मेहरेतने ते दाणे चावून बघितले आणि हळूच कागदात थुंकले. त्या हळूच थुंकण्याचंच अस्कालेला जास्त लागलं.

"दुधाची तहान ताकावर भागत नाही, आई. झेवदितू मावशींना म्हणू, करा तुम्ही."

"म्हण ना. आधी मला बाल्कनीतून खाली ढकल आणि मग जाऊन म्हण."

बाल्कनीत बसून ती विचार करत राहिली. कोळसा भाजतो म्हणजे काय करतो? निखाऱ्याला अंग असतं. तो सगळ्या बाजूंनी ऊब धरून बसतो, तव्याला मांडीवर घेतो. गॅसला नुसती जीभ. चाटते आणि जाते. याला अंग कुठून आणायचं?

तिची नजर सतापाच्या कुंडीखाली गेली. कुंडीखाली होता तिच्या इंजेरा, म्हणजे रोजची आंबवलेली भाकरी, भाजायच्या मातीच्या खापराचा तुकडा. काझांचिसहून सामान हलवताना लॉरीत ते खापर फुटलं होतं. बावीस वर्षांचं, तेलबियांच्या पुडीने घासून घासून काळंभोर झालेलं. फेकायला हात झाला नाही म्हणून तिन्ही तुकडे तिने आणले होते.

तिने कुंडी उचलली, तुकडा धुतला, फरशीवर घासून त्याचे कोपरे गोल केले आणि शेगडीच्या तीन पायांच्या वर आलेल्या टोकांवर बसवला. जणू मापाने केला होता. त्याच्यावर तवा.

"आई, खापर तडकेल!"

"एकदा तडकलंय. आता त्याला कसली भीती?"

खापर तापायला अर्धा तास लागला. पण तापल्यावर मात्र तवा मधे तेवढाच गरम, कडेला तेवढाच गरम. दाणे हिरव्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे तांबूस, सगळे एकाच वेळी, शाळेतल्या पोरांनी रांग धरावी तसे. पाचव्या दिवशी मेहरेतने दाणा चावला आणि आईकडे बघून हसली. अस्काले म्हणाली, "हसू नकोस. दाणे निवड."

एकविसावा उजाडला. घरात रीतीप्रमाणे ओलं गवत पसरलं, मक्याच्या लाह्या टोपलीत भरल्या, कॉफी उकळायची काळ्या मातीची लांब मानेची झारी पुसून ठेवली, धुपाच्या भांड्यात एक निखारा ठेवला. मेहरेतने हौसेने जुनी सगळी मांडणी मांडली होती, काझांचिसच्या अंगणात असायची तशीच: डाव्या हाताला दाण्यांची टोपली, समोर शेगडी, उजव्या हाताला गवताचा विणलेला पंखा.

त्या पंख्यानेच घात केला.

मंडळी जमली. गाशे बेझाबे चार जिने चढून आले, काठी हातात धरूनच खुर्चीवर बसले. झेवदितू त्यांच्या शेजारी. "अगं अस्काले, स्वयंपाकघर म्हणायचं की दवाखाना? हा सिलिंडर बघून मला भीतीच वाटते बाई."

"भीती वाटत असेल तर दाराजवळ बस," अस्काले म्हणाली आणि तापलेल्या खापरावरच्या तव्यात दाणे ओतले.

सुरुवात अशी झाली की मेहरेतच्या चेहऱ्यावर अभिमान मावेना. दाणे फिरत होते, रंग चढत होता, वास खोलीभर पसरत होता. बायकांच्या गप्पा सुरू झाल्या. कुणी जुन्या वस्तीतल्या विहिरीची गोष्ट काढली, अस्काले त्यात बोलायला लागली, आणि दाणे तडकायच्या बेताला आले. तीस वर्षं या क्षणाला तिचा उजवा हात जे करत आला होता तेच त्याने केलं. पंखा उचलला आणि शेगडीच्या तोंडाशी दोन सणसणीत झपाटे मारले.

निखारे असते तर फुलले असते. गॅस फुस् करून विझला.

खोलीत नुसता गॅसचा सूं सूं आवाज आणि त्याचा तो सडका वास. अस्कालेने क्षणात सिलिंडरचा कॉक आवळला. "मेहरेत, धूप बाहेर! निखारा बाहेर! खिडक्या उघड!" मेहरेत धुपाचं भांडं घेऊन बाल्कनीत धावली. बायका पदर नाकाला लावून उठल्या.

"मी म्हटलं होतं ना," झेवदितूचा आवाज आलाच. "गॅसला वारा घालतं का कुणी? हात दाखवून अवलक्षण! आता अर्धकच्च्या दाण्यांची कसली कॉफी? चला गाशे, खाली माझा कोळसा तयारच आहे. मी पेटवूनच आले होते."

पेटवूनच आले होते! अस्कालेच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. लाजही वाटली, भयंकर वाटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एवढ्या लोकांसमोर, आपल्याच हाताने आपला विस्तव विझवायचा! पण सळई तिने सोडली नव्हती. हात आपसूक दाणे फिरवत होता. खिडकीतून वारा येत होता, गॅस परत लावायचा तर वास पुरता जायला हवा, आणि तोपर्यंत दाणे थांबणार नव्हते.

गाशे बेझाबेंनी काठी टेकली. उठले, असंच सगळ्यांना वाटलं.

"गप्प बसा," ते म्हणाले. "सगळे."

तड्.

अस्कालेचा हात एक क्षण थांबला आणि पुन्हा फिरायला लागला.

तड्. तड् तड्. मग एकदम तडतड तडतड, कढईत मोहरी उडावी तशी. खाली जाळाचं नाव नाही, आणि तव्यात दाणे उड्या मारत होते. अर्धा तास तापलेलं ते खापर काही इतक्या लवकर ऊब सोडणार नव्हतं. बावीस वर्षं या घराचा इंजेरा भाजलेलं खापर ते! अस्कालेने त्याच्यावर तवा नीट दाबून धरला आणि शेवटचा दाणा तांबडा-काळा होऊन चकाकेपर्यंत सळई फिरवली.

मग ती उठली. तवा हातात धरून, धूर निघत असताना, एकेकासमोर गेली. प्रत्येकाने हाताने धूर आपल्याकडे ओढून घेतला. झेवदितूसमोर ती जरा जास्तच वेळ थांबली. झेवदितूने एकदा धूर ओढला. मग न राहवून पुन्हा ओढला.

दाणे उखळात कुटले. खोली पुरती मोकळी झाल्यावर शेगडी परत पेटली, झारी खापरावर चढली. या वेळी पंखा मेहरेत मांडीखाली घेऊन बसली होती. झारीच्या मानेशी फेस आला, खाली बसला, पुन्हा आला. अस्कालेने पहिला कप ओतला, त्यात सतापाची काडी टाकली आणि गाशेंच्या हातात दिला.

गाशेंनी कप नाकाशी नेला. घोट घेतला. दुसरा घेतला. सगळा कप संपवला. अस्काले समोर उभी होती, हात पोटाशी बांधून, मान ताठ.

"झेवदितू," गाशे म्हणाले.

"काय, गाशे?" झेवदितूने शाल सावरली. "निघायचं?"

"ही काठी घे आणि कोपऱ्यात ठेव. तीन कप होईपर्यंत मला लागणार नाही."

झेवदितूने काठी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. परत येऊन तिने लाह्यांची मूठ भरली, थोडा वेळ चघळत बसली आणि हळूच विचारलं, "ते खापर... आणखी तुकडा आहे का गं?"

"दोन आहेत," अस्काले दुसरा कप भरत म्हणाली. "एक तुझा. नस्रूकडून शेगडी मात्र तू स्वतः आण. आणि तवा घेऊन जा, नाहीतर तो तुला काचेची विकेल."

तिसरा कप झाला. रीतीप्रमाणे सगळे उभे राहिले, हात पुढे केले, आणि गाशे आशीर्वाद देऊ लागले. या घराला सुख मिळो, या लेकीला चांगलं घर मिळो, मरियम यांची राखण करो. प्रत्येक वाक्याला मंडळी "आमेन" म्हणत होती. शेवटचा आशीर्वाद नेहमीचाच होता, प्रत्येक घरी देतात तो.

"आणि या घरचा विस्तव कधी न विझो."

"आमेन," सगळे म्हणाले.

"विझला तर विझला, गाशे," अस्काले म्हणाली. "तडतड ऐकलीत ना तुम्ही!"