चार नंबरची चावी

आमच्या संस्थेत बाईला निर्धास्त बसता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे लेझरची खोली. बायकांच्या टॉयलेटची कडी निघालेली, मीटिंगच्या खोलीला काचेचं दार. लेझरच्या खोलीत मात्र चावीशिवाय कुणी पाऊल टाकत नाही.

बाहेर भिंतीवर एक बोर्ड आहे. त्यात सहा खाचा, सहा चाव्या. आत जाणाऱ्यानं आपली चावी काढून खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर परत लावायची. एक जरी खाच रिकामी असली तरी लेझर सुरू होत नाही. माझी चावी चार नंबरची. बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून रोज दुपारी ती कोटाच्या खिशात घालून मी मागच्या कोपऱ्यात, जाड काळ्या पडद्याआड, एका खोक्यावर बसून हातपंपानं दूध काढायची. कॅमेऱ्याचं तोंड मधल्या लेझरच्या टेबलाकडे, त्यामुळे तीही काळजी नाही. लेक नऊ महिन्यांची, घरी पिंपळे गुरवला सासूबाईंजवळ. मी चाकणच्याही पुढे.

इथलं काम असं, की लेझरचा झोत धातूवर मारून इलेक्ट्रॉन सुटे करायचे आणि पलीकडच्या बोगद्यात त्यांना वेग द्यायचा. हा झोत दिसत नाही. डोळ्यात गेला तर डोळा आतून जळतो, दुखतसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी हे शिकवतात. त्या दिवसापासून मला डोळ्यांची धास्ती होती, आणि लेक झाल्यापासून तर जास्तच.

त्या मंगळवारी तिची लस होती. दवाखाना चारपर्यंत उघडा, म्हणून मी दोनला निघणार असं सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दीडला आत जाऊन बसले. अर्धी बाटली झाली असेल, तेवढ्यात दार उघडलं आणि खोकल्याचा आवाज आला.

ते नवनाथदादा होते. लेझर सुरू करण्याआधी खोली तपासायचं काम त्यांचं. पूर्ण फेरी मारायची, पडदा बाजूला करून मागे बघायचं, तपासणी झाल्याची खूण म्हणून मागच्या भिंतीवरचं बटण दाबायचं, आणि मगच बाहेरून दार लावायचं. मी रजेवरून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी असाच पडदा सरकवला होता आणि मी तिथे होते. बिचारा माणूस तीन दिवस माझ्याकडे मान वर करून बोलला नाही. चौथ्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, मी काही बघितलं नाही बघा. आईशप्पथ." तेव्हापासून ते पडदा सरकवत नाहीत. तोंड दुसरीकडे वळवून फक्त हात आत घालतात, चाचपडत बटण दाबतात आणि जातात. हे त्यांना माहीत, मला माहीत. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

तसाच तो हात आला. मनगटावर जुनं घड्याळ, बोटांना ग्रीस. बटण दाबलं गेलं. मी ओढणी छातीशी धरून श्वाससुद्धा रोखला होता. आवाज दिला असता तर तिथेच सगळं थांबलं असतं. पण कुडता वर केलेला, आणि चावी तर माझ्या खिशात. बोर्डवर अडकेल, मग बाहेरूनच विचारतील, असं मला वाटलं.

दार बंद झालं. सायरन वाजला आणि पिवळा दिवा फिरायला लागला. नियमाप्रमाणे लेझर सुरू व्हायला अजून एक मिनिट असतं. मी कपडे नीट करत होते, घाई न करता.

मग दिवा लाल झाला.

लाल म्हणजे लेझर सुरू. हे होऊच शकत नव्हतं. मी खिसा चाचपला. चावी होती, आणि मला दुसरी चावी आठवली.

दोन महिन्यांपूर्वी मी चावी चुकून घरी नेली होती. लंगोटांच्या पिशवीत सापडली. सार्थक, माझा नवरा, ती मोटारसायकलवरून परत घेऊन येईपर्यंत चार माणसं बसून राहिली. जयसिंग सर आमचे प्रमुख. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या यंत्राचा जीव पिंपळे गुरवच्या दुपट्यात गुंडाळलाय." सगळे हसले, मीही हसले. पुढच्याच रविवारी निगडीच्या बसस्टँडजवळच्या चावीवाल्याकडून मी स्वतः दुसरी चावी करून आणली आणि सरांच्या हातात दिली. चावीवर नक्कल करू नये असं कोरलेलं होतं, पण त्या माणसानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सर म्हणाले, "शहाणी आहेस." ती त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून असायची.

दोन वाजून गेले होते. सरांना वाटलं असणार, पूनम गेली लसीला, पुन्हा चावी घेऊन; म्हणून त्यांनी ड्रॉवरमधली चावी खाचेत लावली असणार.

मी ओरडले. पंखे आणि पंप यांच्या आवाजात मलाच नीट ऐकू आलं नाही. गॉगल दाराबाहेर लटकत होता. लेझर बंद करायचं लाल बटण दाराशी, आणि मध्ये टेबल. सकाळच्या दुरुस्तीसाठी टेबलावरची, झोत अडवणारी झाकणं काढलेली होती, ती परत बसवली असतील की नाही, कोण जाणे.

मग दुसराच विचार आला. बसूनच राहावं. पडदा जाड आहे, लेझरसाठीच केलेला. चारला काम संपेल, दार उघडेल, मी गुपचूप बाहेर पडेन. कुणाला काही कळणार नाही. पुढच्या महिन्यात माझा करार संपतो, नवीन करायचा की नाही ते अजून ठरायचंय. दुसरी चावी कुणी केली, हे कुणी विचारणारच नाही. लस पुढच्या आठवड्यात देता येईल.

मी पाठ भिंतीला टेकवली, आणि पडद्याची कड दिसली. नवनाथदादांच्या हातानं ती दुमडून राहिली होती. चार बोटांची फट.

कोटाच्या खिशात एक कार्ड असतं. न दिसणारा झोत त्यावर पडला की नारिंगी ठिपका उमटतो. मी मान बाजूला करून कार्ड फटीसमोर धरलं. काही नाही. थोडं वर नेलं. काही नाही. अजून थोडं वर, माझ्या कानाच्या उंचीवर, आणि ठिपका आला. छोटा, मसुराएवढा, न हलणारा. माझं डोकं त्याच्यापासून वीतभर लांब होतं. मघापासून मी मान किती वेळा फिरवली होती?

मी खोक्यावरून घसरून जमिनीवर आले. डोळे गच्च मिटले. झोत टेबलाच्या उंचीवर असतो, जमिनीवर नाही, हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत पडद्याखालून पोटावर सरकले. टेबलाचा पाय हाताला लागला, मग दुसरा. एक वायर. तिसरा पाय. भिंत. हात वर करताना वाटलं, उभी राहिले तर संपलं. बसल्या बसल्याच तळहात वर घासत नेला आणि बटणावर आपटला.

पंपांचा आवाज उतरत गेला. तरी मी डोळे उघडले नाहीत. दार उघडल्यावर नवनाथदादा "ताई!" एवढंच म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

कंट्रोल रूममध्ये जयसिंग सरांनी मला पाणी दिलं. डोळे दुखतायत का, विचारलं. मी नाही म्हणाले. एक-एक डोळा झाकून त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी वाचली. उजव्या डोळ्यात एक करडा डाग तरंगतोय असं वाटत होतं. तो लाल दिव्याकडे बघितल्यामुळे असेल, किंवा नसेलही.

"डॉक्टरकडे जाऊच," सर हळू आवाजात म्हणाले. "पण कागदावर काय घालायचं ते आधी ठरवू. चावी माझ्या ड्रॉवरमधली, खरं आहे. पण केली कुणी, तेही विचारतील."

मी विचारलं, झोत कसला, किती वेळ, कुठून, हे कळल्याशिवाय डॉक्टर काय बघणार?

अपघाताचा छापील कागद माझ्यापुढे होता. त्यात एक रकाना आहे, पडदा बाजूला केला होता का. रोजच्या वहीतही तो आहे. नवनाथदादांनी दुपारच्या पानावर "होय" लिहिलेलं होतं. आदल्या दिवशीच्या, त्याच्याही आदल्या दिवशीच्या पानावर तेच.

"ताई," ते म्हणाले, "तेवढं तसंच राहू द्या. माझी दोन पोरं आहेत."

"मी आवाज दिला नाही, हे लिहिते," मी म्हणाले. "तुमचा हात दिसला होता तरी दिला नाही."

"मग हातही लिहिणार?"

"लिहावा लागेल, दादा. त्याशिवाय ती फट कुठून आली ते सांगताच येणार नाही."

मी लिहिलं. दुसरी चावी मी करून आणली, कुठून आणली. पडदा सरकवला गेला नाही. झोत कानाच्या उंचीवर होता. तपासणाऱ्याची सही लागते म्हणून कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

सरांनी आमच्या दोघांचे पास काढून घेतले. संचालक पुण्याहून निघाले होते. ते येईपर्यंत कुणीही आवाराबाहेर जायचं नाही, आणि डोळ्यांच्या दवाखान्याची गाडीही त्यानंतरच. घरून फोन आला. सासूबाई म्हणाल्या, दवाखाना बंद झाला, पोरगी रडतेय, निघालीस का? मी म्हणाले, निघते.

नवनाथदादा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मी डावा डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचलं. मग उजवा झाकून वाचलं. मग पुन्हा डावा झाकला.