भिंगरीचं माप

थीम पार्कचा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरला. आधी गोल फिरणारे घोडे, मग छोटी आगगाडी आणि दुपारच्या झोपेआधी घरी. माझ्या दोन वर्षांच्या लेकीला, भिंगरीला घेऊन याहून जास्त काही ठरवणं म्हणजे वेडेपणा.

"बाबा, तुम्हीही चला."

"मला नाही जमायचं."

आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. त्यांचं शिलाई मशीनही झाकलेलंच होतं. पण आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत आम्ही दोघांनी किती दिवस बसायचं? मी हट्ट सोडला नाही.

"मग एक पट्टा तरी शिवून द्या. एक टोक हिच्या कमरेला, दुसरं माझ्या."

"पोर आहे की वासरू?"

"वासरू परवडलं."

बाबांनी टेप काढला. भिंगरी टेबलाखालून सोफ्यावर, तिथून थेट दाराकडे. बाबा मागे धावले आणि तिला काखेत धरूनच त्यांनी माप घेतलं.

"आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नाही," ते धापा टाकत म्हणाले.

मग त्यांनी टेप स्वतःच्याच कमरेभोवती गुंडाळला.

"हे काय?"

"तुला आवरायची नाही ही. किती वाजता निघायचं?"