पहिली पंगत

मंडी शहरात शिवरात्रीची जत्रा भरली होती. दुसऱ्या दिवशी द्रुमतीने सकाळपासून सुनेला तीनदा गल्लीच्या तोंडाशी पिटाळलं, आणि तिन्ही वेळा बनिता हात हलवत परत आली.

“आई, ढोल अजून माधोरायाच्या देवळापाशीच आहेत. दोनशे देवांच्या पालख्या आल्यात मंडीत. आपल्याच देवीने पुढे घुसायचं का?”

“तू बडीचा रस्सा ढवळ. खाली लागेल.”

द्रुमतीच्या माहेरची देवी धारनागणी दरवर्षी दोन दिवसांची वाट चालून, डोंगर उतरून जत्रेला यायची. गावच्या लेकीने बोलावलं की तिच्या दारी घटकाभर टेकायची. बोलावणं द्रुमती न चुकता पाठवायची, पण सात वर्षं पालखी गल्लीवरून सरळ जत्रेच्या, पड्डलच्या मैदानाकडे निघून जात होती. कारण आख्ख्या मंडीला ठाऊक होतं. पालखी देवीच्या मर्जीने वळते असं म्हणत, पण तिला खांदे दोनच लागायचे. पुढचा गावातल्या जिंदूचा, मागचा द्रुमतीच्या थोरल्या भावाचा, नोखरामचा. आणि नोखराम रुसला होता.

रुसवाही साधासुधा नव्हता. द्रुमतीच्या मुलाच्या लग्नात मामाची दुसऱ्या पंगतीत रवानगी झाली होती. सख्ख्या मामाची! आचाऱ्याने गडबडीत पहिल्या पंगतीला आळीतलीच माणसं बसवली, आणि एकदा वाढायला सुरुवात झाली की कुणाला उठवायचं नाही, ही तिथली रीत. नोखराम उपाशी निघून गेला. “त्या घराची पायरी चढणार नाही,” म्हणाला. हा माणूस शब्दाला पक्का, म्हणजे हट्टाला पक्का. तेव्हापासून द्रुमतीला सणाचा घास म्हणून गोड लागला नव्हता. तरी यंदाही तिने चाळीस माणसांचा स्वयंपाक केला होता.

ढोल जवळ आले. द्रुमती धूप घेऊन पायरीवर उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी आधी जिंदू दिसला, मग देवीचे चांदीचे मुखवटे, मग मान वळवून भूतनाथाच्या देवळाच्या कळसाकडे बघणारा नोखराम. पालखी पुढे गेली. संपलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पालखी थांबली. डोलली. गर्रकन फिरली आणि थेट गल्लीत शिरली! जिंदू गटारात पडता पडता वाचला. लोकांनी जयजयकार केला आणि देवी द्रुमतीच्या दारापुढे येऊन झुकली.

“मी आलेलो नाही हं,” नोखराम धापा टाकत म्हणाला. “देवी आली. मी नुसता दांडा धरलाय.”

“तुला कुणी विचारलं? बाजूला हो, धूप दाखवू दे.”

देवी पायरीपुढे गल्लीतच टेकली. नोखराम पायरीखालीच उभा.

“मी इथंच थांबतो.”

“थांब की. टोपी तेवढी कानांवर ओढ, गारठा आहे.”

मग द्रुमतीने अंगणाच्या मधोमध एकच चटई अंथरली आणि तिच्यापुढे एकच पत्रावळ मांडली. दोन दिवस चालून आलेली माणसं बघत राहिली.

“सगळ्यांनी थांबायचं,” ती म्हणाली. “पहिली पंगत मामाची.”

“एकट्याची पंगत?” नोखराम पुटपुटला.

“एकट्याची. सात वर्षांची थकलेली.”

“नोखराम काका, बस रे बाबा!” ढोलवाला ओरडला. “तुझा मान होईस्तोवर आमच्या पोटात ढोल वाजतायत!”

नोखरामने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली आणि पायरी चढला. द्रुमतीने रीतीप्रमाणे आधी गोड वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे भरून आले.

“साखर कमी आहे,” तो म्हणाला.

“मग आणखी घे.”

जिंदू खांदा चोळत तिच्याजवळ आला. “आत्या, खरं सांगू? मी मैदानाकडेच जोर लावत होतो. धक्का मागून आला.”

द्रुमतीने भावाकडे पाहिलं. तो पत्रावळीत डोकं घालून जेवत होता, कान मात्र लालबुंद.

“देवीची मर्जी,” ती म्हणाली, आणि न विचारता त्याच्या पानात बडीची आणखी एक पळी ओतली. “आटप रे दादा. दुसरी पंगत खोळंबलीय.”

नोखरामने मुळीच घाई केली नाही.