सोळावं पिवळं फूल

"शंभू, ह्यो घिऊन जा माघारी." गिताबाईनं पोत्यातला एक हार दोन बोटांत धरून वर केला. "कुणाच्या तरी फोटोवरचा हाय."

"आजी, कापडाची फुलं ती. त्यांना काय कळतंय, कुणाच्या गळ्यात व्हती?"

"त्यांना न्हाई, मला कळतंय. मेलेल्या माणसाचं फूल जित्या डोक्यात न्हाई घालायचं."

शंभूनं हसत हार टेम्पोत टाकला. न्हावरे नि आसपासच्या गावांत लग्नाचे मांडव सजवायचं त्याचं काम. मळलेली, चुरगळलेली फुलं तो पोत्यात भरून गिताबाईच्या ओट्यावर आणून टाकी. तिची बोटं मुळात लोकर कातणारी. मेंढरं गेली, सूत कातायची चाती माळ्यावर गेली, पण बोटांना रिकामं बसवत नव्हतं. कोमट साबणाच्या पाण्यात फुलं खळबळून ती बाजेवर वाळत घाली, जुन्या घोंगडीची चकती कापून तिच्यावर पाकळी पाकळी टाची, मागं पिन शिवी. गावातल्या निम्म्या पोरींच्या डोक्यात कुणा ना कुणाच्या लग्नाचा मांडव फुललेला असे. टाचताना ती गुणगुणे,

"कापडाचं फूल बाई, सुकंना न् झडंना
लेकीच्या वेणीवाचून, त्याला वास चढंना."

शनिवारी शाळेचं गॅदरिंग होतं. नाचासाठी बाईंनी सोळा पिवळी फुलं सांगितली होती. नाचात तिची नात प्रगतीही होती. प्रगतीची आई, गिताबाईची लेक रुपाली, रांजणगावला कंपनीत कामाला होती. तीन वर्षांमागं तापाचं निमित्त होऊन गेली. तेव्हापासून पोर आजीकडंच.

पिवळी फुलं पंधरातच संपली.

"तुला केशरी करती," गिताबाई म्हणाली. "तू घरची. दुसऱ्याच्या लेकीला न्हाई कसं म्हनू?"

"पिवळं नसंल तर मागच्या रांगेत जायाचं, असं म्हनल्यात बाई."

"मग जा की. मागच्या रांगेतल्या काय दुसऱ्याच्या पायानं नाचत्यात?"

प्रगती हसली नाही. उठून आत गेली.

शनिवारी सकाळी ती स्वतःच वेणी घालून पुढ्यात उभी राहिली.

"अगं, भांग हाय का बैलगाडीची वाट?" गिताबाई हसली, आणि हसता हसता थांबली. पोरीच्या डोक्यात पिवळं फूल होतं, काळ्या दोऱ्यानं वेडंवाकडं टाचलेलं. पाकळ्यांच्या कडा बारीक कातरलेल्या. तशा गिताबाईनं आयुष्यात एकाच हाराच्या कातरल्या होत्या.

ती आत गेली. भिंतीवर रुपालीचा फोटो उघडा होता. हार खाली पेटीवर नीट ठेवलेला, मधलं मोठं फूल तेवढं नव्हतं.

"काढ ते!" बाहेर येत तिनं हात पुढं केला. "काय सांगितलंय तुला मी? कुनाचं हाय ते फूल?"

प्रगतीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "आईचंच हाय ना?" मग खाली बघत म्हणाली, "समद्यांच्या आया येनारेत बघायला."

गिताबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला.

मग तिनं हळूच पोरीचे हात बाजूला केले आणि फूल काढून घेतलं. प्रगतीचे डोळे भरले.

"रडू नगंस. काळ्या दोऱ्यानं टाचत्यात व्हय पिवळं फूल? उडी मारली की पडंल."

उंबऱ्यात उजेडाला बसून तिनं टाके उसवले, पिवळा दोरा ओवला आणि चकतीवर फूल पुन्हा टाचलं, दुहेरी टाक्यांनी. डोक्यात लावताना खोबरेल तेलाचा वास बोटांना लागला.

"आजी, भांग?"

"ऱ्हाऊ दे तसाच. पळ."

पोर उड्या मारत गेली. गिताबाईनं पेटीवरचा हार उचलला, फोटोला परत घालायला हात वर केले. तीन वर्षं हाराखाली झाकलेलं लेकीचं कपाळ आज मोकळं होतं. रुपालीचाही भांग वाकडाच होता.

तिनं हार घडी करून पेटीत ठेवला. पदरानं फोटोची काच पुसली, दाराला कडी लावली, आणि पुढं बसायला जागा मिळावी म्हणून भरभर शाळेकडं निघाली.