अठ्ठावीसची जीन्स

रुपालीची एसटी उद्या सकाळी सातची, आणि डोमाच्या हातात आजचा एकच दिवस. पोरगी पोलिसात लागली होती. ट्रेनिंगला जाणार होती, नऊ महिन्यांसाठी. सगळं गाव खूश होतं. बापाचं मात्र सकाळपासून बूड एका जागी टेकत नव्हतं. जाळं पसरलं, आवरलं, पुन्हा पसरलं.

"काऊन हो, मुंग्या चावून राह्यल्या का अंगाले?" बायकोनं, प्रेमिलानं, विचारलं.

डोमानं जाळं पुन्हा आवरायला घेतलं. त्याची मुंगी खुंटीला टांगलेली होती. तलावावरून मासे आणायची थैली, निळ्या जीन्सची.

सहा वर्षांपूर्वी ती थैली नव्हती, रुपालीची पँट होती. दहावी पास झाली म्हणून मावशीनं आरमोरीहून आणलेली. सोळा वर्षांची पोर ती घालून तलावाच्या मातीच्या पाळीवरून एकदा चालत गेली, एकदाच, आणि मच्छीमार सोसायटीतल्या माणसांना दिवसभराचा विषय मिळाला. डोमाला पोरगी आहे का पोरगा, यावर हसणं झालं. डोमा घरी आला, सुरी घेतली, पँटचे दोन्ही पाय कापले आणि जाळं शिवायच्या सुईनं तळ शिवून टाकला. रागाच्या भरात केलेलं काम इतकं पक्कं निघालं की सहा वर्षांत एक टाका उसवला नाही. विसरायची सोयच राहिली नाही.

रुपाली तेव्हा रडली नाही, भांडलीही नाही. मासे साफ करायची, जाळं धुवायची, टोपल्या घासायची, पण त्या थैलीला तिनं कधी हात लावला नाही. थैली रिकामी करायची वेळ आली की उठून जायची. डोमाला ते दिसत होतं. दिसूनही तो गप्प होता, कारण बापानं पोरीपुढं चूक कबूल करायची रीत त्याच्या घराण्यात कुणी घालून दिलेली नव्हती.

मग तीन वर्षांपूर्वी गावात पोलीस भरतीचं वारं आलं. रुपाली ट्रॅकपँट घालून त्याच पाळीवर पहाटे धावू लागली. ट्रॅकपँट जीन्सपेक्षा घट्ट, आणि हसणारी तीच माणसं आता मोबाईलवर तिची वेळ लावत उभी. धावायला ट्रॅकपँट, बाजाराला ट्रॅकपँट, लग्नाच्या पंगतीलाही तीच. तिचं पाहून गावातल्या निम्म्या पोरींनी तेच सुरू केलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मग मी कापलं ते कशासाठी? या प्रश्नानं डोमाला तीन वर्षं पोखरलं होतं, आणि उद्या तर पोरगीच निघून जाणार होती.

दुपारी दोरीवर तिची ट्रॅकपँट वाळत होती. डोमानं इकडंतिकडं पाहिलं, जाळ्याचा धागा काढला, ट्रॅकपँटच्या कमरेभोवती फिरवून गाठ मारली. लांबीसाठी दुसरी गाठ. जाळ्याचं भोक बोटानं मोजणाऱ्याला टेप कशाला लागतो? सायकल काढली आणि तडक मूलचा बाजार गाठला.

कापडवाल्या जलालुद्दीनचं दुकान समोरून मागपर्यंत ट्रॅकपँटांनी भरलं होतं.

"लेडीज जीन्स?" जलालुद्दीननं चष्मा कपाळावर सरकवला. "कोन्या जमान्यात आहा डोमाभाऊ? पोरी म्हनतात, बसता येत नाई, धावता येत नाई, धुतली तं दोन दिवस सुकत नाई. ट्रॅक घंट्याभरात सुकते. खरं सांगू का, घरी मी बी तेच घालतो."

"मंग जीन्स गेली म्हना."

"नाई जात ते. पोरगी पाहाले जाचं असलं का पोरगं अजूनबी जीन्सच मागते. पहिले वांड पोरायची पँट होती, आता इज्जतीची झाली." माळ्यावरचं खोकं खाली काढत त्यानं धागा टेपवर धरला. "अठ्ठावीस. पक्कं ना? जुना माल आहे, वापस नाई घेनार."

"पक्कं. माह्या हातचं माप आहे."

संध्याकाळी रुपाली बॅग भरत होती. डोमानं पुडकं तिच्या पुढ्यात ठेवलं. "घे."

तिनं कागद सोडला, जीन्स पाहिली, मग बापाकडं पाहत राहिली. जीन्स घेऊन ती आत गेली. डोमा मागच्या अंगणात येरझारा घालू लागला, तुळशीपर्यंत आणि परत. प्रेमिला चूल सोडून दारात आली. बऱ्याच वेळानं रुपाली बाहेर आली ती ट्रॅकपँटमध्येच, जीन्स हातावर घेऊन.

"मांडीच्या वर नाई जात, बाबा. माप कशाचं घेतलं?"

डोमानं गाठींचा धागा काढून दिला. रुपालीनं एकदा धाग्याकडं पाहिलं, एकदा दोरीवरच्या ट्रॅकपँटकडं, आणि ती पोट धरून खाली बसली.

"इलास्टिक ढिल्लं असताना मोजलं तुमी! हे तानून मोजा लागते. मले बत्तीस लागते आता, तीन वर्स धावून मांड्या भरल्या माह्या." हसता हसता तिनं कमरेवरची चिठ्ठी वाचली आणि तिचं हसू थांबलं. "अठ्ठावीस. तवाची बी अठ्ठावीसच होती."

तवाची कोणती, हे कुणी विचारलं नाही.

"हे मले तवा बरोबर झाली असती, बाबा."

दुसऱ्यांदा डोमानं तिची पँट वाया घालवली होती. "चुकलो मी तवा," तो म्हणाला. "लोकायच्या हसन्याले भ्यालो. पोरीकडं पाह्यलंच नाई." बोलून झाल्यावरही त्याला मोकळं वाटलं नाही, लाज वाटली.

रुपालीनं जीन्सची घडी घातली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली. त्याच्यावर ट्रॅकपँटा. "वापस नेऊ नका," एवढंच म्हणाली.

सकाळी ती पाया पडली, एसटीत चढली, गेली. कालच्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. आपण बोललो ते पोहोचलं की वाऱ्यावर गेलं, हे डोमाला कळेना. वाटेत गावातले दोघेजण भेटले, अभिनंदन करायला थांबले, तर हा हूं हूं करत निघालाच. घरी आला, तलावावर जायला थैलीसाठी हात वर केला. खुंटी रिकामी होती.

प्रेमिलानं मागच्या अंगणाकडं हात केला. दोरीवर थैली उलटी करून टांगली होती. टपटप पाणी गळत होतं, आणि साबणाचा वास येत होता.

"मोरीत घासत बसली होती पहाटे. मी म्हनलं, राहू दे, उशीर होते. तं म्हने, नाई, मीच धुतो."

डोमानं थैलीला हात लावला. ओली, जड.

"प्लास्टिकची पिशवी घेऊन जा," प्रेमिला म्हणाली. "ते काई आज सुकत नाई."

"मंग मी बी आज जात नाई," डोमा म्हणाला आणि दोरीखालीच, गळत्या पाण्याशेजारी, मांडी घालून बसला. कालपासून पहिल्यांदा तो एका जागी बसला होता.